रेक्याविक ओपन बघताय? मग पहिला पट सोडा!

आइसलंडची ही बुद्धिबळ स्पर्धा १९६४ पासूनची. पहिल्याच वर्षी मिखाईल तालने १३ पैकी साडेबारा गुण घेतले होते. म्हणजे अख्ख्या स्पर्धेत एकच बरोबरी. राक्षस होता तो!

तेव्हा मोजकेच खेळाडू होते. आता ग्रँडमास्टर आणि हौशी एकाच दालनात बसतात. एवढ्या गर्दीत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणं अशक्य, म्हणून स्विस पद्धत. कुणी बाद होत नाही. पहिल्या फेरीत मानांकनाच्या यादीचे दोन भाग करतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी भिडतो. पुढे सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. एकदा भेटलेली जोडी पुन्हा लागत नाही.

सुरुवातीला अगदी वरच्या पटांवरची लढत बहुतेकदा एकतर्फी, म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांत मी मधले पट बघतो. एखादं चौदा वर्षांचं पोरगं ग्रँडमास्टरला घाम फोडत असतं ते तिथंच. शेवटच्या फेऱ्यांत मात्र नजर वर. २०२२ मध्ये शेवटच्या फेरीत प्रज्ञानंद विरुद्ध गुकेश! दोघंही सोळाच्या आसपासचे, दोघंही चेन्नईचे. प्रज्ञानंद जिंकला आणि ९ पैकी साडेसात गुणांसह स्पर्धाही त्याचीच.

वेळेचं गणित सोपं आहे. तिथे दुपारचे ३ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. जेवणाचं ताट आणि मोबाइल शेजारी शेजारी. (घरच्यांची बोलणी वेगळी.)

आणि पडद्यावरचा बुद्धिबळ इंजिनाचा आकडा झाकून ठेवा. आधी स्वतः चाल शोधा, मग बघा.