तेलात पाणी की पाण्यात तेल? (लेखांक ६)

पळसदेवला, उजनीच्या फुगवट्याकाठी, डाळिंबावर निंबोळी तेल फवारणाऱ्या कुणालाही विचारा. तेल नुसतं टाकीत ओतलं तर वर तरंगतं. तेच आधी साबणाच्या पाण्यात घोटून मग बेतानं पाणी वाढवत नेलं, तर सगळं पांढरंशुभ्र होतं, म्हणजे तेल-पाण्याचं पायस (इमल्शन) बनतं. पण पाणी बोअरचं, जड असेल, तर सगळं जमूनही थोड्या वेळात तेल फुटून वर येतं.

दोष कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. सोडियमच्या साबणाला पाणी मानवतं, तर जड पाण्यात त्याच साबणापासून बनणाऱ्या कॅल्शियमच्या साबणाला तेल. पायसकारक, म्हणजे साबणासारखा पायस टिकवणारा पदार्थ, ज्या द्रवात जास्त विरघळतो तो द्रव बाहेर राहतो आणि दुसऱ्याचे थेंब होतात, हा नियम बँक्रॉफ्टनं १९१३च्या सुमारास मांडला. म्हणजे तेल किती, पाणी किती, एवढ्यावर निकाल लागत नाही. दोघांच्या सीमेवर कोण बसलंय ते आधी बघावं लागतं.

त्या सीमेवर साबणच हवा असंही नाही. इंग्लंडमधल्या वोबर्नच्या फळबागेत स्पेन्सर पिकरिंग फवारणीची मिश्रणं तपासत होते. बोर्डो मिश्रणातल्यासारखे तांब्याच्या संयुगांचे बारीक कण तेलाच्या थेंबाभोवती जमून त्याला फुटू देत नाहीत, असं त्यांनी १९०७ मध्ये लिहिलं. द्राक्षवाल्यांच्या ओळखीचं हे रसायन पुढं खनिज तेलाच्या अभियंत्यांना उपयोगी पडावं, हे मला भारी वाटतं.

कारण जड कच्च्या तेलात असे कण जन्मजातच असतात: डांबरासारखं अस्फाल्टीन, मेण, चिकणमातीची पूड. त्यांचा ओढा तेलाकडे, म्हणून सोबतच्या पाण्याचे थेंब तेलात अडकतात. गुजरातेत मेहसाण्याजवळच्या बालोल आणि संथाल या क्षेत्रांत ओएनजीसी जमिनीखाली हवा सोडून थोडं तेल पेटवते आणि त्या उष्णतेनं बाकीचं पातळ करून वर काढते. या जळण्यात तेलाचं ऑक्सिडीकरण होऊन आम्लं तयार होतात. तीही सीमेवर जाऊन बसतात आणि पायस आणखी चिवट होतं.

आपल्या मुंबई हायचं तेल हलकं, त्यातून पाणी खाली बसायला फारसे आढेवेढे घेत नाही. एपीआय मोजपट्टीवर १५ अंशांच्या जड तेलाची घनता मात्र ०.९६६ च्या आसपास. पाण्याशी फरक साडेतीन टक्क्यांचाही नाही. वर थेंब बारीक: व्यास दहापट कमी झाला, की बसण्याचा वेग शंभरपट घटतो.

तेल वाहून नेणाऱ्या नळातली गंमत वेगळीच. पाणी तेलापेक्षा कितीतरी पातळ, तरी त्याचे थेंब वाढतात तसं पायस घट्टच होत जातं, पंपावर ताण येतो. मग एका टप्प्यावर बाजी उलटते, पाणी बाहेर येतं आणि घट्टपणा एकदम कोसळतो. हा टप्पा नेमका कुठं, हे कळलं तर पंप किती ताकदीचा लागेल ते ठरतं. सारख्या गोळ्या खच्चून रचण्याचं गणित थेंबांसाठी ७४ टक्क्यांची सीमा सांगतं, पण खऱ्या तेलातले थेंब लहानमोठे असतात, त्यामुळे उलटण्याची जागा विहिरीगणिक सरकते.

अंदाजाची सूत्रं पुष्कळ आहेत, त्यांत पाण्याचं प्रमाण, तापमान, घुसळण सगळं घालता येतं. सुटतो तो काळ. थेंबाभोवतीचा अस्फाल्टीनचा पापुद्रा सायीसारखा हळूहळू जाड होतो. थेंबातलं पाणी ओढून घेतलं तर त्यावर सुरकुत्या पडलेल्या सूक्ष्मदर्शकात दिसतात. दूरच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुना मुरलेला असतो आणि विहिरीतल्यापेक्षा वेगळाच वागतो. म्हणून पायस फोडणारं औषध कोणतं आणि किती, हे आजही विहिरीच्या तोंडाशीच, ताजं तेल खुणा केलेल्या बाटल्यांत भरून, गरम करून, तळाशी पाणी किती साचतं ते बघत ठरवतात.