पुरोहिताच्या रकान्यात सही

लग्नाच्या नोंदणीचा एक अर्ज असतो, नमुना ड. त्यात वराचा रकाना, वधूचा रकाना, तीन साक्षीदारांचे रकाने आणि त्यांच्यासोबत पुरोहिताचा: नाव, वय, पत्ता, सही. मी लावलेलं पहिलं लग्न नोंदवायला नवरा-नवरीबरोबर गेले, तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "बाई, इथं महाराजांची सही राहिली."

मी पर्समधून पेन काढलं. "लग्न मीच लावलंय."

ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग शेजारच्या टेबलाकडे वळून अहिराणीत म्हणाले, "बाई लगीन लावस?" शेजारच्यानं मान हलवली. मी सही केली, शिक्का बसला, आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो.

शहाद्यात मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि हे काम हाती घेतलं. सत्यशोधक पद्धतीची लग्नं लावते, आणि कुणी गेलं तर शोकसभेत बोलते. आमच्या कार्यकर्त्यांत हे करणाऱ्याला विधीकर्ता म्हणतात. गावात मात्र मी 'लगीन लावणारी बाई'. मला हे दुसरं नाव जास्त आवडतं, ते 'लावणे' या क्रियापदामुळे. आपण दिवा लावतो, रोप लावतो, जीव लावतो आणि लग्नही लावतो. लावलं की ते आपापलं वाढायचं असतं, लावणाऱ्यानं बाजूला व्हायचं असतं.

सत्यशोधक समाज स्थापन झाला २४ सप्टेंबर १८७३ ला आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, पुण्यात भटजीशिवाय पहिलं लग्न लागलं. त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. पुढे अशा लग्नांवरून ग्रामजोशांनी दक्षिणेच्या हक्काचे दावे लावले, ओतूरचं प्रकरण तर मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. हा इतिहास भाषणांत नेहमी येतो. मला मात्र जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांची बांधणी जास्त ओढून घेते. त्यात तिसरं कुणी नवरा-नवरीवर आशीर्वाद टाकत नाही. नवरा बोलतो, नवरी बोलते. नवरी हक्काचा प्रश्न काढते, नवऱ्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं. कार्याचं सगळं वजन बोलण्यावर आहे, आणि बोलणाऱ्याला आपण काय बोलतोय ते कळलं पाहिजे हे त्यात गृहीत आहे. माझं काम इथूनच अवघड होतं.

पाहुण्यांना दिसतो तो अर्धा तास. त्याआधी एक बैठक असते, माझ्या घरी, ओसरीवरच्या खाटेवर. दोघांना समोर बसवते आणि म्हणते, शपथेत काय हवं ते तुम्ही सांगा. बहुतेक जण छापील पुस्तिका मागतात. मी सुरुवातीला द्यायचेही. त्यात एक वाक्य होतं, 'मी तुझ्या मतांचा आदर करीन.' शहादा तालुक्यातल्या एका शेतकरी मुलानं ते चारदा वाचलं आणि चारही वेळा 'आदर'वर अडखळला. मुलगी बी.एड. झालेली, ती दर वेळी खाली बघायची. शेवटी मी विचारलं, बाबा, तुला यातून काय म्हणायचंय? तो तिच्याकडे वळून म्हणाला, "मी तुले इचारीसनच करसू." तुला विचारूनच करीन. तिनं पहिल्यांदा मान वर केली. "आनी मी बी तुले इचारसू."

'आदर' हा शब्द मी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिला. पण आदर मनातल्या मनात ठेवता येतो. 'इचारीसन'ला तशी सोय नाही. विचारलं की नाही हे बैल विकताना, बोअर मारताना, पोरीची शाळा ठरवताना दिसतंच. मांडवात तो ते वाक्य बोलला तेव्हा बायकांच्या बाजूनं एकदम आवाज उठला. कितीतरी जणींनी ते वाक्य आपापल्या घराला लावून पाहिलं असणार.

तेव्हापासून पुस्तिका कपाटात आहे.

मावश्या-आत्यांच्या चिठ्ठ्या हा वेगळाच विभाग. सत्यशोधक लग्न असलं तरी मावशीनं स्वतः रचलेलं मंगलाष्टक असतंच, आणि ते मी म्हणावं असा आग्रह असतो. मी म्हणते, त्यात कुणाचा अपमान नसला तर. नेहमीचं मंगलाष्टक शार्दूलविक्रीडित वृत्तात. एका चरणात एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती. दम त्या यतीवर घ्यायचा. पण मावशीला तीन काका, दोन आत्या, आजोळचं गाव आणि मुलाची नोकरी एकाच चरणात बसवायची असते. बारावं अक्षर एखाद्या काकांच्या नावाच्या मधोमध येतं. मी आदल्या रात्री त्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचते, पेन्सिलीनं दम घेण्याच्या जागी रेघा मारते. त्या ओळी वृत्तात बसत नसतील, तरी रचणारीनं आठ दिवस चुलीपुढे गुणगुणून त्या जुळवलेल्या असतात. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री महदंबा. तेराव्या शतकातले तिचे 'धवळे' म्हणजे लग्नाची गाणीच. ठाण्या-पालघरकडच्या वारली लग्नात आजही धवलेरी लागते, ती बाई गाऊन लग्न लावते. हे वाचलं तेव्हा त्या पुरोहिताच्या रकान्याची आठवण झाली. रकाना नंतर आला, बाई आधीपासून तिथं होती.

शोकसभेचं काम मी जास्त घाबरून करते. लग्नात शब्द चुकला तर वाजंत्री झाकून घेते. शोकसभेत तो तसाच पडून राहतो.

मराठीत गेलेल्या माणसाच्या नावाआधी काय लावायचं हा साधा प्रश्न नाही. कैलासवासी, वैकुंठवासी हे सगळ्यांच्या ओळखीचे. बौद्ध घरात कालकथित. ख्रिस्ती घरात ख्रिस्तवासी, मुसलमान माणसाबद्दल मराठी वर्तमानपत्रं पैगंबरवासी लिहीत आली. म्हणजे मेल्यावर माणूस कुठे राहायला गेला याचा पत्ताच आपण नावाला जोडतो. नवापूर तालुक्यात एका भिल्ल म्हाताऱ्यांच्या शोकसभेत मी सवयीनं 'कैलासवासी' म्हणून गेले. सभा संपली, चहा झाला. त्यांचा मोठा मुलगा मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. शेताच्या बांधाकडे हात करून शांतपणे म्हणाला, "बाई, आमचे बाबा कैलासात गेले नाहीत. ते इथंच आहेत. पेरणी झाली की पहिला घास त्यांना असतो."

त्यानं तक्रार केली नव्हती, माहिती दिली होती. एस.टी.त बसल्यावर मला रडू आलं. त्यांच्या घरची भाषा मावची. मी तिथल्या मुलांना वर्षानुवर्षं मराठी शुद्धलेखन शिकवलं, आणि त्यांच्या भाषेत गेलेल्या माणसाला काय म्हणतात हे एकदाही विचारलं नव्हतं. आता शोकसभेच्या आधी मी घरच्यांना पहिला प्रश्न तोच विचारते: तुम्ही त्यांच्याविषयी बोलताना कसं म्हणता? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, नुसतं 'आमचे बाबा'. मग मीही तेवढंच म्हणते.

आमच्या जिल्ह्यात सहाच तालुके, पण भाषा मोजायला बसलं की बोटं अपुरी पडतात. तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, नवापुराकडे मावची आणि कोकणी, अक्कलकुव्याकडे देहवाली, वर धडगावला पावरी. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा भिल्ली भाषांना वाहिलेला भाग १९०७ साली निघाला. त्यात बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट एकेका बोलीत उतरवून घेतलेली आहे. निवृत्तीनंतर मी तो धीरानं वाचला. आमच्या बोलींचे नमुने त्यात पाहताना वाटलं, एका परक्या अधिकाऱ्यानं निदान विचारलं तरी होतं: हीच गोष्ट तुमच्याकडे कशी सांगाल?

आणखी एक वाचन मला फार उपयोगी पडलं. ते वाङ्मय नाही, १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोन वेगळ्या समाजांतली जोडपी माझ्याकडे बरीच येतात. त्यातलं एक जण आदिवासी असलं तर हिंदू विवाह कायदा पुरत नाही, कारण केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. मग १९५४ चा कायदा. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. त्याच्या बाराव्या कलमात म्हटलंय की विधी कोणताही चालेल, पण मी अमुक, तुला कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारतो, या आशयाचं वाक्य दोघांनी एकमेकांना म्हटल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. आणि ते वाक्य दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत म्हणता येतं. 'कोणत्याही भाषेत' हे शब्द मी लाल पेन्सिलीनं अधोरेखित केले. कायद्याच्या पुस्तकावर पेन्सिल चालवायची ती माझी पहिलीच वेळ.

ते कलम खऱ्या अर्थानं कामाला आलं एका जोडप्याच्या वेळी. मुलगी धडगाव तालुक्यातली, पावरा, दवाखान्यात नर्स. मुलगा शहाद्याचा, घरी अहिराणी. कार्यालयात अधिकाऱ्यांना मी आधीच विनंती करून ठेवली होती. मुलीनं वाक्य पावरीत म्हटलं, मग मुलानंही पावरीतच. महिनाभर रोज फोनवर तिच्याकडून घोटून घेतलं होतं त्यानं. अधिकारी सही करताना थांबले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणा. ऐकायला छान वाटलं."

पण कार्य व्हायचं होतं तिच्या पाड्यावर. जीप जिथपर्यंत गेली तिथून पुढे अर्धा तास चढ. मार्च संपत आलेला, मोहाचा वास पसरलेला, होळीचे ढोल अजून घरांबाहेर टांगलेले. तिथे माझ्यासारखीची गरज नव्हती. पाड्याचा पुजारा, जाणती माणसं, गाणाऱ्या बायका, सगळं त्यांचं त्यांच्याकडे होतं. पण मुलीला चार शब्द माझ्याकडूनही हवे होते. मी पाच पानं लिहून नेली होती, तिच्याकडून पावरी करून घेऊन. उच्चारांखाली खुणा होत्या. मी उभी राहिले, वाचायला लागले.

दुसऱ्याच पानावर पुढे बसलेली तिची आजी काहीतरी बोलली. आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आजी विचारते, या कुणाशी बोलतायत? आमच्याकडे तर बघतच नाहीत."

उच्चार चुकू नये म्हणून मी कागदावरून नजर काढलीच नव्हती.

शहाद्याचे कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ चा. त्यातली 'स्टेज' ही कविता मी अनेक वर्गांना शिकवली: खाली बसलेल्यांचं दुःख स्टेजवरचे लोक त्यांनाच सांगत राहतात, आणि खालच्यांना कुणी वर बोलावत नाही. शिकवताना माझा गळा दाटून यायचा. त्या दिवशी सारवलेल्या अंगणात स्टेज नव्हतं, माईकही नव्हता. स्टेज माझ्या हातातल्या पाच पानांचं होतं.

मी कागद घडी करून पिशवीत टाकले आणि आजीसमोर जमिनीवर बसले. मुलीला म्हटलं, आजीला विचार, नातीला काय सांगायचंय. ती मध्ये बसून मला मराठीत सांगत गेली. आजी बराच वेळ बोलली: कुठल्या पावसात तिला शाळेला नेऊन टाकलं, आश्रमशाळेतून ती दोनदा कशी पळून आली, आणि तिसऱ्यांदा आजीनंच तिला कशी परत नेऊन घातली. मग नातजावयाकडे वळून तिनं एक प्रश्न विचारला, तो मुलीला सांगावा लागला नाही. त्याला कळला. त्यानं पावरीत उत्तर दिलं, एक क्रियापद चुकलं, चार पोरांनी एकदम दुरुस्त केलं, त्यानं पुन्हा म्हटलं.

मी मुलीला विचारलं, आजींनी काय विचारलं?

"शेतीच्या दिवसांत इला माझ्याकडे पाठवशील ना?"

तेवढ्यात ढोल सुरू झाला. आजीनं माझा हात धरून मला उठवलं आणि फेर धरणाऱ्या बायकांच्या ओळीत, आपल्या आणि सुनेच्या मध्ये, उभं केलं.