जखमेतल्या जागेसाठी चढाओढ

काढणीनंतर संत्री, मोसंबी आणि लिंबे सडतात ती प्रामुख्याने पेनिसिलियम डिजिटाटम या बुरशीमुळे. सालीवर आधी पाणचट मऊ डाग पडतो, त्यावर पांढरे तंतू पसरतात आणि मग बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या अतिसूक्ष्म बीजांची, हिरवट भुकटी धरते, म्हणून तिला हिरवी बुरशी म्हणतात. धडधाकट साल भेदून आत शिरणे या बुरशीला जमत नाही. फळ ओढून तोडताना देठाजवळची साल फाटली किंवा नखाचा ओरखडा उमटला, की तिथे पाझरणाऱ्या रसावर बीजाणू रुजतात. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल असल्याने त्याला हा धोका अधिक.

जैविक नियंत्रणाची सारी मदार या जखमेवरच आहे. उपयुक्त जीवाणू मिसळलेल्या पाण्यात फळे बुडवली, तर ते जखमेत झपाट्याने वाढतात आणि बुरशी रुजण्याआधीच तिथली साखर व इतर पोषकद्रव्ये वापरून टाकतात. बॅसिलस सबटिलिस हा जीवाणू याखेरीज इट्युरिन आणि फेन्जायसिन ही संयुगे स्रवतो, जी बुरशीच्या पेशीभोवतीचे पातळ आवरण विस्कटतात. अमेरिकेत १९९५ मध्ये सूडोमोनास सिरिंगी या जीवाणूच्या निवडक वाणांना अशा वापरासाठी मान्यता मिळाली. याच जातीचे इतर वाण झाडांना रोग जडवतात, हे लक्षात घेतले म्हणजे वाणाची निवड किती काटेकोर असावी लागते ते कळते.

या शोधामागची निकड खरी आहे, कारण इमॅझालिल आणि थायाबेंडाझोल या बुरशीनाशकांच्या सततच्या वापराने त्यांना दाद न देणारे बुरशीचे वाण पॅकिंग केंद्रांत वाढले आहेत. तरीही जीवाणूंची मर्यादा झाकता येत नाही: इमॅझालिल सालीत मुरून नुकताच सुरू झालेला संसर्गही थोपवते, तर जीवाणू बहुधा जागा आधी पटकावण्यापुरतेच समर्थ असतात आणि बुरशी सालीखालच्या पांढऱ्या मगजात शिरली की हतबल ठरतात. ही उणीव भरून काढण्यासाठी खाण्याच्या सोड्याचे द्रावण आणि जीवाणू यांची जोड दिली जाते, कारण सोडा बीजाणूंचे रुजणे लांबवतो आणि जीवाणूंना तेवढी उसंत मिळते. म्हणून फळ ओढून न तोडता कात्रीने देठासह कापणे आणि तोडणी व बुडवणी यांतले अंतर काही तासांवर आणणे, हा या उपायाचाच भाग ठरतो.