मोहाचे फूल आणि मोहाची दारू

तिबेटच्या सीमेलगत मेकाँग नदीच्या खोऱ्यात फ्रेंच मिशनऱ्यांनी मिस्साविधीकरिता द्राक्षवेली लावल्या. आज तेथे दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर होणारे द्राक्षमद्य परदेशात मोठ्या किमतीस विकले जाते. दुर्गमता हीच त्याची प्रतिष्ठा ठरली आहे. विंध्याच्या दक्षिण उतारावर, धार जिल्ह्यातील कुक्षी, बाग, डही या भागांत भिल्ल व भिलाला समाजही आपल्या डोंगराचे पेय पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. त्याच्या वाट्याला मात्र प्रतिष्ठेऐवजी अबकारी शिपाई आला.

हे पेय मोहाच्या फुलांचे. मार्च-एप्रिलमध्ये पाने झडलेल्या वृक्षावर फिकट पिवळी, मांसल फुले येतात आणि रात्री उशिरापासून सकाळपर्यंत गळतात. स्त्रिया व मुले पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. त्या दिवसांत शाळेच्या हजेरीपटाकडे न पाहिलेलेच बरे! वाळलेल्या फुलाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग साखरेचा असतो. म्हणूनच ते मुळात अन्न आहे. भाजून, शिजवून, पिठात मिसळून ते खातात. दुष्काळात तर कित्येक घरे त्यावरच तगली.

दारूसाठी वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजत ठेवतात. निसर्गतः असणारे किण्व साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. काही दिवसांनी हा सडवा चुलीवर चढवितात. मद्यार्क 78 अंशांस उकळतो, पाणी 100 अंशांस. त्यामुळे मद्यार्काची वाफ पुढे निघते आणि नळीतून थंड होऊन दुसऱ्या भांड्यात उतरते. आरंभी उतरते तीच ‘पहिल्या धारेची’. लग्नात, सणात, मृत्यूनंतरच्या विधीत ती लागतेच. पिण्यापूर्वी काही थेंब देवांच्या व पूर्वजांच्या नावाने भूमीवर सोडतात.

इंग्रज सरकारला मात्र या फुलात केवळ बुडणारा महसूल दिसला. घरोघरी दारू निघाली तर सरकारी दारू विकत घेणार कोण? म्हणून 1892 साली मुंबई इलाख्यात ‘म्हौरा कायदा’ झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलांवरच निर्बंध आले. गरिबांचे अन्न हिरावले जाईल, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. तो मानला गेला नाही. पवारांच्या धार संस्थानास तो कायदा लागू नव्हता, परंतु पुढे अबकारीची दृष्टी सर्वत्र तीच राहिली.

नंतर मध्यप्रदेशात अनुसूचित क्षेत्रांतील आदिवासींना घरगुती उपयोगापुरती दारू गाळण्याची मुभा मिळाली. विक्री निषिद्धच होती. विकण्यासाठी चोरून गाळली जाणारी दारू बहुधा निराळीच असते. तीत गूळ, नवसागर काय काय पडते, आणि तिने उद्ध्वस्त केलेले संसारही थोडे नाहीत. तो दोष फुलाचा नव्हे, हे मात्र मान्य करावे लागेल.

2022 साली राज्याने ‘हेरिटेज मद्य’ धोरण स्वीकारले. त्याअन्वये मोहाची दारू बनवून विकण्याचा परवाना केवळ आदिवासी बचतगटांना मिळू लागला आणि अलिराजपूर व डिंडोरी येथील गटांनी बाटल्या बाजारात आणल्या. अलिराजपूर हा धारचा शेजारी. वृक्ष तोच, फूल तेच. धारच्या डोंगरात मात्र हाटाच्या दिवशी वाळलेली फुले व्यापाऱ्याच्या तराजूत पडतात, आणि पावसाळ्यात तीच चढ्या भावाने परत घ्यावी लागतात.