ईमेलच्या पाठीवरचे शिक्के

टपाल तिकिटं छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस नाशिकरोडला १९२५ पासून आहे. त्या तिकिटावर पोस्टाचा शिक्का बसला, की पत्र कोणत्या पोस्टातून निघालं ते कळतं. पण ते कोणत्या घरात, कोणत्या पेनानं लिहिलं, हे शिक्का सांगत नाही. ईमेल मात्र सांगू शकते!

समजा, नाशिकमधल्या सातपूरच्या एखाद्या कारखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. तिथला हिशेबनीस रात्री गंगापूर रोडवरच्या घरून कोटेशन पाठवतो. समोरच्यानं मेलचं ‘ओरिजिनल’ उघडून पाहिलं, तर मजकुराच्या वर ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळींची चळत दिसते. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ सगळ्यात वर चिकटवतो, म्हणून हा प्रवास खालून वर वाचायचा. हा नियम जॉन पोस्टेल यांच्या १९८२ सालच्या आरएफसी ८२१ या ईमेलच्या नियमपत्रातला. सगळ्यात खालच्या ओळीत हिशेबनिसाच्या घरच्या इंटरनेटचा आयपी पत्ता, कधीकधी लॅपटॉपचं नावसुद्धा. शेजारी ‘युजर-एजंट’मध्ये मेल कोणत्या प्रोग्रॅमच्या कितव्या आवृत्तीतून गेली, तेही हजर. आयपीवरून इंटरनेट कंपनी कळते, पुष्कळदा शहरही. (जीमेलच्या वेबपानावरून लिहिलं, तर घरचा आयपी जात नाही.)

हे झाकायचं कसं? वित्से व्हेनेमा यांनी लिहिलेला, १९९८ मध्ये खुला झालेला पोस्टफिक्स हा सर्व्हर प्रोग्रॅम घ्या. त्याच्या पोटात ‘क्लीनअप’ नावाचा एक कामगार असतो. मेल रांगेत लागण्याआधी तो एकेक हेडर, म्हणजे मजकुराच्या वरची ओळ, आपल्या यादीतल्या नमुन्यांशी ताडून बघतो. जुळलं आणि पुढे ‘इग्नोर’ लिहिलेलं असेल, तर ते हेडर गायब. ‘रिप्लेस’ असेल, तर त्या जागी दुसरं. ‘सेंड’ दाबून हात कीबोर्डवरून उचलेपर्यंत ही झाडाझडती झालेलीही असते. आणि त्यासाठी लिहावं काय लागतं? दोन-तीन ओळी!

पण त्या ओळी सरसकट लावल्या, तर येणाऱ्या टपालाचेही शिक्के पुसले जातात, आणि फसवी मेल आली तर तिचा माग काढायला काहीच उरत नाही. म्हणून जाणकार ५८७ या पोर्टवरून, पासवर्ड देऊन आलेल्या आपल्याच लोकांच्या मेलसाठी वेगळा ‘क्लीनअप’ नेमतात. तिथेही मला ओळ उडवण्यापेक्षा फक्त घरचा आयपी आणि लॅपटॉपचं नाव बदलणं शहाणपणाचं वाटतं. कारण हे शिक्के मोजूनच सर्व्हरला कळतं, की एखादी मेल दोन यंत्रांमध्ये गरगर फिरतेय. पोस्टफिक्स मूळ मांडणीत पन्नासपर्यंत वाट बघतो, मग मेल परत पाठवतो. साफसफाई डीकेआयएमची, म्हणजे मेल वाटेत बदललेली नाही हे पटवणारी सर्व्हरची, सही होण्याआधी उरकलेली बरी. सही ज्या हेडरवर झाली ते नंतर बदललं, तर सही खोटी ठरते.

एवढं करूनही ‘डेट’च्या ओळीत वेळेपुढे +०५३० उरतंच. बहुतेक देशांची घड्याळं ग्रिनिचपेक्षा पूर्ण तासांनी मागे-पुढे. हा साडेपाचाचा फरक भारत आणि श्रीलंकेचा. तेव्हा मेल सातपूरहून निघाली की कोलंबोहून, ते वाचणाऱ्यानं खुशाल ओळखत बसावं.