गाळप सुरू झालं की पोट दुखतं

माझं वर्ष जूनमध्ये सुरू होत नाही. साखर कारखान्यांचं गाळप सुरू व्हायच्या सुमारास, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, बीडच्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात. आजीपाशी मागे राहिलेली लेकरं थोड्याच दिवसांत ‘पोट दुखतंय’ म्हणत वर्गातून उठू लागतात. शाळांमधली समुपदेशक म्हणून माझा हंगाम तिथून धरायचा.

एम.ए.च्या पुस्तकातला रुग्ण एकटा यायचा, खुर्चीत बसायचा आणि ‘मला उदास वाटतं’ असं सांगायचा. इथं तसं कुणी बोलत नाही. हातपाय गळतात, रात्री दचकायला होतं. आजी अंगारा लावून झाल्यावर माझ्याकडे येते. “बाई, बाहेरचं काही असंल का?” मी अंगाऱ्याला नावं ठेवत नाही. पोट मात्र आधी सरकारी दवाखान्यात दाखवायला लावते. जंतांना समुपदेशनानं उतार पडत नाही.

मग हिशेब निघतो. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम तिला हंगामाआधीच उचल देतो. न फिटलेली रक्कम पुढच्या वर्षावर चढते. हे आकडे मुलांना पाठ असतात. आपल्या वह्यांपायीच बापानं उचल घेतली, असं एखाद्यानं मनाशी धरलेलं असतं. ते त्याच्या तोंडून निघायलाच कित्येक भेटी जातात. आईबापाशी माझं बोलणं रात्री, गाडी भरून झाल्यावर, फोनवर. मी एकच मागते : “लवकर येतो म्हणू नका. कधी येणार ते खरं सांगा.” लेकरू दिवस मोजत असतं.

मुलींचं दुखणं वेगळं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये सरकारनं चौकशी समिती नेमली, तेव्हा बीड बातम्यांत आलं. माझ्यापर्यंत तो विषय हजेरीपटातून आला. पिशवी काढलेल्या आईला ओझं उचलवत नाही, म्हणून तिच्या जागी मोळ्या बांधायला मुलगी जाते. नाहीतर, वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचं लग्न ठरतं. अशा वेळी मी नुसती ऐकत बसत नाही. मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनला फोन करते. लैंगिक अत्याचार कळला, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं तो कळवणं बंधनकारकच आहे. म्हणून पहिल्याच भेटीत सांगते, “तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुला कुणी इजा करत असेल तर मी गप्प बसणार नाही.” हे ऐकून काही जणी बोलायच्या थांबतात. थांबू देत. फसवून काढलेलं गुपित घेऊन मी काय करू?

मागे राहिलेल्या लेकरांसाठीचं हंगामी वसतिगृह वेळेवर उघडलं, तर माझ्याकडची निम्मी पोटदुखी कमी होते. त्यामुळे माझ्या पिशवीत चाचण्यांपेक्षा अर्जच जास्त. हे समाजसेवकाचं काम, असं काही सहकारी म्हणतात. असेल.

टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात, आणि मला तेच दिवस अवघड जातात. धाकटं आईकडे जात नाही, थोरला बापाशी भांडण उकरून काढतो. आईबापाला वाटतं, म्हातारीनं फितवलं. हंगामभर गिळलेला राग आत्ता बाहेर पडतोय, हे त्यांच्या ओसरीवर बसून समजवावं लागतं. मग पुढच्या हंगामात पोराला न्यायचं की ठेवायचं, हे त्याच्यादेखत ठरवायला लावते. नवी उचल घरात येण्याआधी ही बैठक उरकलेली बरी. पैसे आल्यावर पोराला कुणी विचारत नाही.