शेल्याची ढाल: ऐतिहासिक चित्रपटांतला कपडेपट आणि लढाई

ऐतिहासिक चित्रपटात सैनिकाने काय घालायचे हे कपडेपट ठरवतो आणि त्याने कसे लढायचे हे फाइट मास्टर. या दोन खात्यांची गाठ बहुधा थेट चित्रीकरणाच्या दिवशी पडते, आणि पडद्यावरच्या पुष्कळ चुका त्या उशिरातूनच जन्मतात. हे तपासायला सिंहगडाच्या लढाईइतके सोयीचे उदाहरण मराठीत नाही. माघ वद्य नवमीची, ४ फेब्रुवारी १६७० ची ही रात्र बाबूराव पेंटरांच्या ‘सिंहगड’ या मूकपटात (१९२३) आली, प्रभातच्या त्याच नावाच्या बोलपटात (१९३३) आली, ‘तान्हाजी’त (२०२०) आली आणि ‘सुभेदार’मध्येही (२०२३).

लढाईचे जुने मराठी वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाचे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्याने जिंजीला बखर लिहिली ती १६९४ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर पाव शतकाने. त्याच्या सांगण्याप्रमाणे दोन निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले, त्यांनी माळ लावली आणि मराठ्यांचा सरदार तानाजी याच्यासह तीनशे माणूस वर पोचले. दोर बांधून कड्यावर चढवलेल्या घोरपडीचा त्यात पत्ता नाही; ती पोवाड्यातून आली. पुढे तानाजी आणि गडाचा किल्लेदार उदेभान यांची गाठ पडली. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार घेतले. त्या हाताला त्याने शेला गुंडाळला होता, ही परंपरेने घातलेली भर. भर असली तरी ती लढणाऱ्याच्या अनुभवातून आलेली दिसते, कारण घड्या घातलेले सुती कापड तलवारीचा ओढता वार काही अंशी तरी झेलते. कमरेचे वस्त्र इथे शस्त्र होते. ज्या चित्रपटात नटाच्या कमरेला शेलाच नाही, त्यात हा प्रसंग घडूच शकत नाही.

वेशासाठी आधार अगदीच तुटपुंजा नाही. शिवाजी महाराजांची समकालीन किंवा जवळच्या काळातली चित्रे युरोपातल्या संग्रहांत आहेत; इटालियन प्रवासी मनुचीने करवून घेतलेले घोड्यावरचे चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली अस्सल चित्र पुढे आणेपर्यंत महाराष्ट्रात भलत्याच सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून भिंतींवर लागत होते. शब्दांतला आधार पुन्हा सभासदाचा. अफजलखानाच्या भेटीला निघताना महाराजांनी काय घातले, हे तो शिंप्याच्या बारकाईने सांगतो: जरीची कुडती, डोईला मंदिल आणि त्यावर तोडा, पायांत चोळणा, वर कास कसलेली. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या लघुचित्रांत झिरझिरीत पांढरे जामे आहेत, केशरी-गुलाबी पटके आहेत. बगलेत बांधायचे बंद हिंदूंनी डावीकडे आणि मुसलमानांनी उजवीकडे बांधायचे, असा रिवाजही सर्वसाधारणपणे दिसतो. कॅमेऱ्यापुढे तो सहज पाळता येतो आणि तितक्याच सहज विसरला जातो.

सुरुवातीच्या चित्रपटांनी मात्र हा आधार फारसा घेतला नाही. त्यांच्यापुढे नाटक मंडळ्यांचा मखमल-जरीचा कपडेपट होता आणि छापील चित्रांनी घडवलेली प्रेक्षकाची नजर होती. बाबूराव पेंटर स्वतः चित्रकार आणि शिल्पकार, त्यामुळे कोल्हापूरच्या चित्रपटांत पोशाखाला डौल आला. पण तो चित्रकाराचा डौल होता. भालजी पेंढारकरांनी तेच वळण पुढे नेले. त्यांच्या चित्रपटांत कापड कापडासारखे वागे, मुंडासे लढाईत सैल होई. आजच्या कितीतरी महागड्या चित्रपटांत तेवढेही होत नाही.

आता ‘तीनशे’ या आकड्याकडे कपडेपटाच्या बाजूने पाहावे. बखरीत तो पराक्रमाचा आकडा आहे. ड्रेसदादाच्या लेखी तो तीनशे चोळणे, तीनशे मुंडाशी, तीनशे कमरबंद असा आहे, आणि सूर्य वर यायच्या आत ते सगळे माणसांच्या अंगावर चढायला हवे. म्हणून मुंडासे डोक्यावर बांधले जात नाही. ते आधीच गुंडाळून, टाके घालून तयार असते आणि टोपीसारखे चढवले जाते. पुढच्या दोन रांगांना पुरा वेश मिळतो, मागच्यांना कुडता आणि फेटा, आणि पायांकडे कॅमेरा जाणार नाही या भरवशावर ज्याची त्याची चप्पल. खर्चाचे गणित पाहता यात दोष काढणे कठीण आहे. मात्र टाके घातलेले मुंडासे सुटत नाही आणि हाताला गुंडाळताही येत नाही.

नवा कपडा जुना करणे हे या खात्यातले सर्वांत देखणे काम. मांजरपाट चहाच्या उकळत्या पाण्यात बुडवतात, वाळला की कोपर-गुडघे पॉलिश पेपरने घासतात, वर मुलतानी माती झटकतात. तुरट चहाचा आणि ओल्या मांजरपाटाचा मिळून एक वास त्या खोलीला कायमचा चिकटलेला असतो. साधा कारागीर कपडा सगळीकडे सारखा मळवतो. जाणता कारागीर आधी विचारतो की हा माणूस करतो काय. मग तो डाव्या कमरेला घासतो, कारण तिथे म्यान लागते. खांद्यावर घासतो, कारण ढालीचा पट्टा तिथे बसतो. घोडेस्वार असेल तर मांड्यांच्या आतल्या बाजूला. कुठल्याही पदवीशिवाय आलेले हे ज्ञान संशोधनाच्या तोडीचे आहे, आणि श्रेयनामावलीत ते एका ओळीपलीकडे जात नाही.

या मळवण्याचा अलीकडे अतिरेकही झाला आहे. मळकट, करडे आणि तपकिरी म्हणजे खरे, असा समज रूढ होत चालला आहे. सतराव्या शतकातल्या दख्खनेत नीळ होती, हळद होती, कुसुंबा होता, आलीचा तांबडा होता. रंग वनस्पतींचे होते म्हणून ते फिके होते असे नाही. त्यात भर चामड्याच्या पट्ट्यांची: छातीवर आडवेतिडवे बंद आणि मनगटावर बकलांचे कातडी पट्टे. हा वेश परदेशी चित्रपटांतून आला, मावळातून नव्हे. मावळ्याचा वेश लंगोट किंवा चोळणा, कमरबंद, मुंडासे आणि घोंगडी एवढ्यातच आटपत होता. ‘तान्हाजी’ला वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातले भरजरी कापडकाम खरोखरच मेहनतीचे आहे, पण उदेभान हा राजपूत किल्लेदार तिथे काळ्या वेशातला, जवळजवळ परदेशी खलनायक होऊन बसतो. त्या चित्रपटातल्या ‘नागीन’ तोफेलाही सभासदाच्या हकिकतीत जागा नाही.

चिलखताचे खोटेपण नटाच्या चालीत उतरते. खरे कडीदार चिलखत लोखंडी कड्यांचे असते आणि त्याचे वजन साधारण दहा किलोच्या आसपास जाते. ते खांद्यावर लोंबते, म्हणून माणूस कमरपट्टा आवळून भार खाली उतरवतो. पडद्यावरचे चिलखत बहुधा हलक्या ॲल्युमिनियमच्या कड्यांचे किंवा रुपेरी रंग दिलेल्या विणकामाचे. ते घालून नट उडी मारतो तेव्हा कड्या कापडासारख्या फडफडतात.

तलवारीकडे येताच हा गोंधळ आणखी वाढतो. दख्खनी तलवारीची मूठ आखूड, मागे चकती, पुढे बोटांच्या रक्षणासाठी परज. अशा मुठीत मनगट फारसे वळत नाही. वार खांद्यातून येतो आणि पाते ओढून कापते. बचाव ढालीने करायचा. पात्यावर पाते अडवले तर धारेला खाचे पडतात. पोर्तुगीजांच्या वाटेने आलेली सरळ युरोपी पाती इथल्या मुठींत बसवून ‘फिरंग’ तयार झाली, तरी हात इथलाच राहिला. दांडपट्ट्यात तर पंजा आणि मनगट लोखंडी खोबळ्यात बंद असते. तिथे वार सगळ्या शरीराच्या फिरण्यातून निघतो, आणि जवळ उभ्या असलेल्या आपल्याच माणसालाही जपावे लागते. पडद्यावर मात्र पात्यावर पाते आपटते आणि ठिणग्या उडतात, मग दोन तोंडे जवळ येऊन संवाद होतो.

फाइट मास्टरचे यावरचे उत्तर ऐकण्यासारखे असते. नटाने समोरच्याच्या अंगावर नव्हे तर पात्यावर नेम धरला, तर कोणी जखमी होत नाही. शिवाय ढालीवरचा वार दिसायला बोथट आणि ऐकायला थप्प. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण कोल्हापुरातल्या मर्दानी खेळाच्या तालमींत वस्ताद पोरांना वर्षानुवर्षे ढाल-तलवार शिकवतात, तीही कोणाला जखमी न करता. तालमीतला खेळ हाही हुबेहूब रणांगण नव्हे. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर या विद्येला प्रदर्शनाचाच आसरा उरला. तरी पाय कुठे पडतो, ढाल किती उंच धरायची आणि शेला कुठे अडकतो, हे तिथे रोज कळते.

दारूगोळ्याचे थोडक्यात. तोडेदार बंदूक जळत्या जामगीने उडते आणि पुन्हा भरायला वेळ घेते. पडद्यावर ती लागोपाठ उडते. तोफेचे नेहमीचे गोळे भरीव होते. ते भिंत फोडतात, पेटत नाहीत. दारू भरलेले कुलपी गोळे वेगळे. ज्वाळांचे लोट ही चित्रपटाची सोय आहे.

राहता राहिला उजेड. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. सभासद हिलाल आणि चंद्रज्योतींचा उल्लेख करतो, म्हणजे लढाई हलत्या, धुरकट उजेडात झाली. निळ्या चांदण्यात न्हालेला सिंहगड सुंदर दिसतो, पण त्या उजेडात तीनशे माणसांचा छापा लपला नसता.

यातल्या बहुतेक दुरुस्त्यांना मोठा पैसा लागत नाही. नटांना चित्रीकरणाच्या दिवशी नव्हे, तर सरावाच्या पहिल्या दिवशी पुरा वेश द्यावा. मुंडासे बांधीव असावे, शेला पुरता लांब असावा, ढाल खऱ्या वजनाची असावी, आणि त्या सरावाला कपडेपटाच्या माणसाला वस्तादाशेजारी बसवावे. तानाजीवर पुढचा चित्रपट काढणाऱ्या निर्मात्याने निदान एवढे करावे.